मस्कतकाकूंची सुतळी

परवा आम्ही चार दिवसांसाठी कोकणात निघालो. बॅगा खाली गेल्या, रिक्षा फाटकाशी येऊन थांबली, सुहास कुलूप हातात घेऊन दारात उभा राहिला, आणि मी चपला घातलेल्या पायांनीच पुन्हा आत गेले. ड्राय बाल्कनीत घराच्या सगळ्या पाण्याचा मुख्य कॉक आहे. त्याची दांडी फिरवून मी पाणी बंद केलं, दांडीला सुतळीचा तुकडा बांधला आणि बाहेर आले.

"झालं का काकूंचं?" सुहासने विचारलं.

आमच्या घरात या कामाला असंच म्हणतात. स्वयंपाक माझा, विजेचं बिल सुहासचं, आणि कॉक काकूंचा. आता आम्ही मांजरीला राहतो आणि काकू तिकडे वाघोलीला आहेत, तरी ते काम अजून त्यांच्याच नावावर आहे.

त्यांचं नाव विजया. पण आमच्या वाघोलीच्या सोसायटीत त्यांना सगळे मस्कतकाकू म्हणत. नवरा तिकडे एका कंपनीत हिशेबनीस होता, त्याच्याबरोबर त्यांनी सगळं तरुणपण मस्कतला काढलं. तो गेल्यावर काकू पुण्यात परत आल्या आणि आमच्या बिल्डिंगच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर, आमच्या समोरच्या दारात एकट्या राहू लागल्या. मुलगी अनघा, ती बंगळुरूला.

आम्ही नारायण पेठेतून वाघोलीला गेलो तेव्हा नातेवाइकांनी आम्हाला परदेशी चालल्यासारखा निरोप दिला होता. पेठेतल्या माणसाला नदी ओलांडली की भाषा बदलेल अशी भीती वाटते. भाषा काही बदलली नाही, पाणी मात्र बदललं. मे महिना होता. सामान लावून मी धुळीने माखले होते, म्हणून भर दुपारी अंघोळीला गेले आणि निळा नळ सोडला. अंगावर जे आलं त्यात चहा झाला असता. मी ओरडले. दोन मिनिटांत दाराची घंटा वाजली.

दारात सडसडीत बांध्याच्या एक बाई. सुती साडी, कपाळाला काही नाही, पायात कॅनव्हासचे पुरुषी बूट. नव्या शेजारणी साखर मागायला येतात किंवा नाव विचारायला येतात. या बाईंनी नाव विचारलं नाही.

"निळा सोडलास ना?" त्या म्हणाल्या. "भिंतीतून ऐकू आलं. गीझर बंद आहे का?"

"हो."

"मग लाल सोड."

सुहास मागून आला आणि पुणेरी सभ्यतेने म्हणाला, "अहो, पण लाल म्हणजे गरम पाण्याचा."

"रंग नळाला आहे हो," त्या म्हणाल्या. "पाण्याला नाही."

मी लाल नळ सोडला आणि खरंच गार पाणी आलं. नंतर त्यांनी सांगितलं तेव्हा ते इतकं सोपं वाटलं की राग आला. गच्चीवरची टाकी आणि उघडे पाइप दिवसभर उन्हात भाजतात, त्यामुळे निळ्या नळाला दुपारी कढत पाणी येतं. गीझर मात्र घरात, सावलीत असतो. तो चालू केला नाही की नुसता माठ होतो, सकाळी आत गेलेलं पाणी तिथे निवत पडतं. मस्कतला एप्रिल लागला की घरोघर गीझर बंद होत आणि दिवाळीपर्यंत लोक लाल नळाने थंड अंघोळ करत. "फक्त एक बादली मिळते," काकू म्हणाल्या. "दुसरीच्या नादाला लागू नकोस, परत वरचं येतं." हे सांगून त्या गेल्या. नाव मला वॉचमनकडून कळलं.

काकू कोणाच्या घरी पहिल्यांदा गेल्या की पडदे, सोफा, देव्हारा यांतलं काही बघत नसत. त्या सरळ मोरीत जात. नळाची तोटी उघडून बंद करत, बेसिनखाली वाकून बघत आणि मगच बाहेर येऊन खुर्चीत बसत. ज्या घरात नळ ठिबकतो त्या घराबद्दल त्यांचं मत कायमचं वाईट होई. तिसऱ्या मजल्यावरच्या एका मुलाचं लग्न ठरलं तेव्हा सगळे मुलाच्या नोकरीचं कौतुक करत होते. काकू म्हणाल्या, "नोकरी असेल. सिंकखाली वर्षभर तेच पातेलं ठेवलंय." मुलीकडच्यांच्या कानावर हे गेलं नाही हे नशीब.

टँकरचं पाणी जड असतं, त्याने नळाच्या जाळ्या पांढऱ्या खड्यांनी भरतात. काकू दर पंधरवड्याला घरातल्या सगळ्या जाळ्या काढून लिंबाच्या पाण्यात भिजत घालत. एकदा मी त्यांच्याकडे गेले तर टेबलावर एका वाटीत जाळ्या आणि दुसऱ्या वाटीत खजूर. मला वाटीतलं घ्यायला सांगितलं तेव्हा मी आधी नीट बघून घेतलं. चहा कोरा, लिंबू पिळलेला. तोही मस्कतचाच. दूध घालून मागितला तर त्या द्यायच्या, पण चेहऱ्यावरून कळायचं की आपण त्यांच्या नजरेतून थोडे उतरलो आहोत.

हे सगळं वेड त्यांना लागलं कशाने ते त्यांनी एकदाच सांगितलं. लग्नानंतर मस्कतचा पहिलाच उन्हाळा. घर बंद करून दोघं सुट्टीला पुण्यात आली. कॉक वगैरे बंद करायचा असतो हे माहीत नव्हतं. मागे त्या उन्हात कॉकच्या पुढच्या, घरातल्या पाइपचा जोड सुटला. परत गेल्यावर दार उघडलं तर गालिचा कुजलेला आणि माहेरून नेलेली साड्यांची पेटी खालून भिजून बुरशीने काळी. मोऱ्या मात्र कोरड्या ठणठणीत, आणि त्यांच्यातून वर आलेली झुरळं घरभर. "रडत बसले होते," काकू म्हणाल्या. "शेजारी एक म्हातारी ओमानी बाई राहायची. तिला माझी भाषा येत नव्हती, मला तिची. तिने मला हाताला धरून उठवलं, कॉक दाखवला, तो बंद केला आणि तिच्याच ओढणीची चिंधी फाडून त्याला बांधली. म्हणजे घरात पाऊल टाकणाऱ्याला कळावं की हा मुद्दाम बंद केलाय."

पुण्यात चिंधीच्या जागी सुतळी आली, एवढाच फरक.

आमच्या बिल्डिंगची गच्ची काकूंच्या डोक्यावरच होती. तिथले पाइप उन्हाने इतके ठिसूळ झाले होते की दर उन्हाळ्यात एखादा तडकायचा. काकूंनी सोसायटीच्या सभेत पाइप झाकायचा विषय मांडला. सभेने तो पुढच्या सभेवर ढकलला. तेव्हा काकू मला घेऊन मंडईत गेल्या. बटाट्याच्या गाळ्यांवर रिकामी पोती मिळतात. काकू प्रत्येक पोतं उन्हाकडे धरून भोकं बघत होत्या. गाळेवाला वैतागून म्हणाला, "काकू, बटाटेच भरायचेत ना?"

"नाही," काकू म्हणाल्या. "शिवायचंय."

"काय?"

"झबलं."

तो पुढे काही बोलला नाही. पुढचे आठ-दहा दिवस आमच्या मजल्यावर बटाट्याचा वास होता. काकूंनी दाभणाने गोणपाट शिवून गच्चीवरच्या एकूण एक पाइपला अंगरखे केले, टाकीला बिनबाह्यांचं मोठं झबलं केलं, आणि सगळ्यावर चुना फासला. आमचे चेअरमन तात्या. ज्या जमिनीवर बिल्डिंग उभी आहे ती पूर्वी त्यांच्या घरची, त्यामुळे ते गच्चीवर शेतात आल्यासारखे येत. ते वर आले आणि कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"काकू, टाकीचं बारसं हाय का आज?"

"आहे. नाव तुमचं ठेवतेय."

"ठेवा की. पन उन्हाळाभर टिकंल का ह्ये?"

"तुमच्या सभेपेक्षा टिकेल."

त्या उन्हाळ्यात एकही पाइप तडकला नाही. तात्यांनी पुढच्या सभेत आभाराचा ठराव मांडला, आणि काकूंनी तो लगेच मंजूर करून घेतला, पुढे ढकलला जायच्या आत.

पण त्यांचं खरं व्रत शनिवारचं. आमच्या बिल्डिंगमध्ये बरेच फ्लॅट बंद असत. मालक परदेशात, नाहीतर भाडेकरूच्या प्रतीक्षेत. मोरीच्या जाळीखाली पाइपला वाक असतो आणि त्या वाकात तांब्याभर पाणी कायम उभं असतं. तेच पाणी खालची घाण, वास आणि झुरळं अडवतं. घर बंद राहिलं की उन्हाळ्यात ते पाणी आटतं. काकूंनी एकेका मालकाकडून किल्ल्या मागून घेतल्या होत्या. शनिवारी सकाळी स्वतःच्या घरची बादली आणि तांब्या घेऊन त्या निघत. मी विचारलं, कुठे चाललात, की म्हणत, "मोऱ्यांना पाणी पाजायला." प्रत्येक मोरीत तांब्याभर पाणी ओतायचं, कॉकवरची सुतळी जागेवर आहे ना ते बघायचं, दार ओढून घ्यायचं. मालकांपैकी कोणी कधी फोन करून विचारलं नाही. काकूंची तशी अपेक्षाही नव्हती. लोकांची रिकामी घरं त्यांना तहानलेली वाटत, आणि तहानलेल्याला पाणी देऊन त्याच्याकडून पत्राची वाट कोण बघतं?

मग तो मे महिना आला.

पाण्याची बोंब होती. एका शनिवारी सकाळपासून बिल्डिंगला थेंब नव्हता आणि टँकर आला तो थेट रविवारी संध्याकाळी. लोकांनी बादल्या भरल्या आणि सोमवारी सकाळी नळ सोडले तर परत नुसती हवा. टाकी रिकामी. जिन्यातून पाण्याचा ओघळ वाहत होता. पाचव्या मजल्यावरच्या देवधरांचा बंद फ्लॅट उघडला तर घोट्याएवढं पाणी. स्वयंपाकघराचा नळ पूर्ण उघडा, सिंकच्या भोकावर एक जुनं फडकं बसलेलं. खालच्या मजल्यावरच्या घराचं छत फुगून पलंगावर पडलं होतं. लिफ्ट बंद. देवधर राहायचे टोरंटोला, आणि किल्ली काकूंकडे.

मी काकूंबरोबरच आत गेले होते. त्यांनी नळाकडे पाहिलंच नाही. त्या पाण्यातून चालत ड्राय बाल्कनीत गेल्या. कॉक उघडा होता. सुतळी नव्हती.

लोक वाईट बोलले असं नाही. उलट फार समजूतदारपणे बोलले, आणि तेच वाईट होतं. काकूंनी शनिवारी पाणी येतंय का बघायला कॉक उघडला असेल, नळ फिरवला असेल, पाणी नव्हतं म्हणून तसाच सोडून आल्या असतील, वय झालं की होतं असं. सगळ्यांचं एकमत होतं. मी म्हटलं, "काकू, तुम्ही कॉकला हात लावला होता का?"

"नाही लावला," त्या म्हणाल्या. मग थांबल्या. "नाही लावला असं वाटतंय."

काकूंना कधी काही वाटत नसे. त्यांना माहीत असे. पण त्यांचीही पंचाईत खरी होती. दर शनिवारी तेच काम, तीच दारं, त्याच मोऱ्या. त्यातला हा एक शनिवार वेगळा काढून आठवायचा कसा? दात घासले हे आपल्याला आठवत नाही, घासले असणार एवढंच ठाऊक असतं. आणि सुतळी तर तिथे नव्हतीच.

त्यांनी खालच्या कुटुंबाला छत दुरुस्त करून दिलं, सगळ्या किल्ल्या तात्यांच्या हातात ठेवल्या आणि घरात बसल्या. अनघा बंगळुरूहून धावत आली. ती मला जिन्यात भेटली आणि म्हणाली, "मेधाताई, आई माझा वाढदिवस विसरली असती, गॅस विसरली असती, तरी मी घाबरले नसते. पण कॉक?" तिचे डोळे भरून आले होते. तिचं खरं होतं.

अनघाने त्यांना डॉक्टरकडे नेलं. परत आल्यावर मी विचारलं, काय म्हणाले?

"कागदावर घड्याळ काढायला लावलं," काकू म्हणाल्या. "मी विचारलं, वेळ कुठली दाखवू, पुण्याची का मस्कतची?"

"मग?"

"मग त्यांनी अनघाला सांगितलं की आईचं डोकं ठणठणीत आहे, जीभ जरा जपा."

आम्ही हसलो. पण डॉक्टरांनी ठणठणीत म्हटलं म्हणून काकूंना ते पटलं नव्हतं. त्यानंतर त्या भाजी आणायला निघत, फाटकापर्यंत जात, आणि माघारी येत. लिफ्टने वर, कुलूप काढून आत, कॉक बघून परत खाली. पुन्हा फाटक, पुन्हा माघारी. वॉचमन बिचारा दुसरीकडे बघायचा. कधीकधी भाजी न आणताच त्यांची सकाळ जायची. मी आमच्या खिडकीतून हे बघायचे. ज्या बाईने अख्ख्या बिल्डिंगला दार लावायला शिकवलं तिला स्वतःचं दार लावता येईना.

एक दिवस त्या म्हणाल्या, "मी अनघाकडे जाते. फ्लॅट भाड्याने द्यायचा."

"तुम्हाला जायचंय का?"

"तिथे घरात कोणीतरी असेल कॉक बघायला," त्या म्हणाल्या.

पुढच्या रविवारी एजंट एका जोडप्याला घेऊन आला. आयटीतली दोघं, नुकतं लग्न झालेली. काकूंनी मलाही बोलावून घेतलं होतं, सोबतीला. एजंट तोंडाने धबधबा. उजेड बघा, वारा बघा, गच्ची डोक्यावर. मुलगी मात्र शहाणी होती. वाघोलीत घर बघायला येणारा शहाणा माणूस जो प्रश्न विचारतो तोच तिने विचारला.

"काकू, पाण्याचं काय? म्हणजे honestly सांगा. आम्ही मागच्या महिन्यात याच बिल्डिंगमध्ये फिफ्थ फ्लोअरचा फ्लॅट बघितला, तिथे एक थेंब नव्हता."

एजंट म्हणाला, "मॅडम, तो विषय वेगळा. तेव्हा टँकर यायचा होता."

"पाचव्या मजल्यावरचा कोणता?" काकूंनी विचारलं.

"लिफ्टच्या समोरचा. ओनर कॅनडाला असतात ना, त्यांचा. यांच्याकडे त्यांच्या भावाकडची किल्ली होती. संडे होता, दुपारी आलो होतो. यांनी किचनचा नळ फिरवला, पाणी नाही. मग हे म्हणाले मेन बंद असेल, तो खोलला. तरी नाही. मी याला म्हटलं, यार इथे नको, water issue है."

मुलगा मोबाइलमधून डोकं वर काढून म्हणाला, "आणि त्या मेनला रस्सी बांधली होती, आठवतं? मी विचारलं ये क्या है, तर हे म्हणाले काही नाही, प्लंबर लोक बांधतात. तोडून फेकली खिडकीतून."

मी काकूंकडे बघायला धजत नव्हते. शेवटी पाहिलं तर त्या खुर्चीची पाठ धरून उभ्या होत्या आणि एजंटकडे अगदी शांतपणे बघत होत्या.

"मग बंद केलात का?" त्यांनी विचारलं.

"काय, काकू?"

"नळ."

मला एजंटचा चेहरा बघून कळलं की हे त्याच्या आत्ता, या क्षणी ध्यानात येतंय. तो वाईट माणूस नव्हता. त्याने उलटसुलट सगळं सांगितलं, की पाणी आलं नाही तेव्हा नळ उघडा आहे की बंद हे कळत नाही, गिऱ्हाईक नाराज होऊन निघालं होतं, तो त्यांच्या मागे धावला, आणि नंतर फ्लॅट भिजला हे त्याला कळलं तेव्हा पाइप फुटला असेल असं वाटलं. माझ्या डोक्यात नुसता जाळ झाला होता. मी त्याला जे बोलले ते नारायण पेठेतही दुसऱ्यांदा विचार करून बोलतात. काकूंनी मला हाताने थांबवलं.

"म्हणजे रविवारी दुपारी सुतळी होती," त्या म्हणाल्या. "बांधलेली होती."

"हो," मुलगी म्हणाली. तिला कळत नव्हतं की आपण काय दिलंय. "घट्ट होती. यांना तोडायला किल्ली वापरायला लागली."

काकू खाली बसल्या. पदराने चेहरा पुसला, एकदा, मग परत. मग उठून आत गेल्या आणि सगळ्यांसाठी चहा घेऊन आल्या. दूध घातलेला. त्या जोडप्याला त्यांनी खजूर दिले, सोसायटीतल्या दुसऱ्या एका रिकाम्या फ्लॅटच्या मालकाचा फोन नंबर दिला आणि म्हणाल्या, "हा फ्लॅट मिळणार नाही. मी राहते इथे."

अनघाला फोन त्यांनी माझ्यासमोरच केला. त्यांनी सगळं सांगितलं. मग अनघाचं रडणं मला इथपर्यंत ऐकू आलं. काकू म्हणाल्या, "अगं, रडतेस काय. पाणी वाया घालवू नकोस." आणि स्वतःही रडल्या.

संध्याकाळी तात्या स्वतः वर आले. किल्ल्यांचा जुडगा त्यांनी दोन्ही हातांनी पुढे केला. "काकू, चुकलं आमचं. कुनाला ध्यानातच आलं न्हाय की दुसरी किल्ली बी असंल."

"शनिवारी देवधरांकडे आधी जाईन," काकू म्हणाल्या. "त्या मोरीला महिनाभर कोणी पाणी घातलं नसेल."

कोणीच घातलं नव्हतं.

त्यानंतर आम्ही तिथे आणखी काही वर्षं राहिलो. मग सुहासच्या वडिलांना जिने चढवेनात, लिफ्टचा भरवसा नाही, म्हणून मांजरीला तळमजल्याचं घर घेतलं. निघायच्या दिवशी ट्रक भरून गेला. रिकाम्या घरात आवाज घुमत होता. काकू बादली आणि तांब्या घेऊन आल्या. घर विकलं जाईपर्यंत किल्ली त्यांच्याकडेच राहणार होती. त्यांनी आमच्या दोन्ही मोऱ्यांत पाणी ओतलं, बेसिनखाली वाकून बघितलं, आणि मग ड्राय बाल्कनीत जाऊन कॉक बंद केला. कमरेला खोचलेली सुतळी काढून दांडीला बांधली, गाठ ओढून पाहिली.

"या घराबद्दल माझं मत चांगलं होतं," त्या म्हणाल्या. त्यांच्याकडून याहून मोठं प्रशस्तिपत्र कोणाला मिळाल्याचं मला माहीत नाही. मी त्यांना नमस्कार केला, तर पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "तिकडे पाणी कसं आहे ते कळव."

त्यांनी आमचं दार ओढून कुलूप लावलं. मग स्वतःच्या घरात गेल्या, पिशवी घेऊन बाहेर आल्या आणि त्यालाही कुलूप लावलं, कारण आम्हाला रिक्षापर्यंत पोचवून त्या तशाच भाजीला जाणार होत्या. आम्ही खाली आलो. रिक्षा सुरू झाली. मी मागे वळून बघत होते. काकू फाटकात पोचल्या आणि थांबल्या. त्या आता माघारी वळणार असं मला वाटलं, त्या दिवसांची सवय होती ना. त्यांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली, वॉचमनला काहीतरी म्हणाल्या, आणि रस्ता ओलांडून भाजीवाल्याकडे चालू लागल्या. वर बघितलंसुद्धा नाही.